नव्या वर्गाच्या युद्धनौकेचं कॉनऑप्स लिहायला बसताय? आधी माणसं मोजा

नव्या वर्गाच्या जहाजाचं कॉनऑप्स, म्हणजे ते कशासाठी, कसं आणि कुणाकडून चालवायचं याचा आराखडा, पहिल्यांदा हातात आलं की सगळे एकाच गोष्टीच्या मागे लागतात: वेग किती, सोनार (आवाजावरून पाण्याखालचं हुडकणारं यंत्र) कुठलं, टॉर्पेडो किती. ते सोडा, त्या याद्या करायला बरेच जण आहेत. पहाटे तीन वाजता जहाज काय करत असेल आणि त्या वेळी कोण जागं असेल, हे तुम्ही लिहायचंय.

अर्नाळा वर्ग घ्या. उथळ पाण्यातल्या पाणबुड्या शोधायला बांधलेली, वॉटरजेटवर चालणारी, साधारण 77 मीटर लांबीची जहाजं. पहिलं 18 जून 2025 ला विशाखापट्टणमला नौदलात दाखल झालं. नाव वसईजवळच्या अर्नाळा किल्ल्याचं. पाणबुड्यांखेरीज शोध-बचाव, सुरुंग पेरणं, किनाऱ्यालगतच्या छोट्या मोहिमा हीसुद्धा त्यांचीच कामं. कागदावर सगळं शोभतं. पण दोन कामं एकाच रात्री आली तर?

खरा सापळा इथे आहे, म्हणून जरा लांबण लावतो. असंच एखादं छोटं जहाज धरा. संशयास्पद ट्रॉलर दिसला, रबरी बोट उतरवली, तपासणी पथक गेलं. तेवढ्यात सोनारवर काहीतरी लागलं. दुसऱ्या वॉचचा, म्हणजे पाळीचा, सोनारवाला कुठाय? ट्रॉलरवर कागदपत्रं बघतोय. इंजिन रूममध्ये धूर झाला तर आग विझवणाऱ्यांच्या यादीतही तोच. माझ्या पहिल्या मसुद्यात एकच माणूस असा तीन तक्त्यांत बसला होता. प्रत्येक तक्ता सुटा बघितला तर बरोबर होता, म्हणून कुणाच्या लक्षातच येईना.

तेव्हा तक्ते कामाप्रमाणे करू नका, माणसाप्रमाणे करा. एका ओळीत एक माणूस, पुढे चोवीस तास, त्यात झोपही. कंटाळवाणं आहे, पण याला पर्याय नाही. जुन्या वर्गाचं कॉनऑप्स उचलून नाव बदलण्याचा सोपा मार्ग कुणी दाखवेल. त्याच्या नादी लागू नका.

अमेरिकेच्या लिटोरल कॉम्बॅट शिपचं, म्हणजे किनाऱ्यालगत लढायच्या जहाजांचं, काय झालं ते वाचा. मूळ खलाशी जेमतेम 40 आणि कामाप्रमाणे बदलता येतील असे मॉड्यूल (उपकरणांचे संच), या दोन गृहीतकांवर सगळा डोलारा उभा होता. खलाशी पुढे वाढवावे लागले. 2016 मध्ये मॉड्यूल बदलत राहण्याचा बेत सोडून बहुतेक जहाजांना एकेकच काम ठरवून द्यायचं ठरलं. पहिलं जहाज ‘फ्रीडम’ 2008 साली दाखल झालं, 2021 मध्ये निवृत्त. आयुष्य धरलं होतं 25 वर्षांचं. तिथे हुशार माणसं कमी नव्हती, त्यामुळे तुमचा मसुदा लाल शाईने भरून परत आला तर मनाला लावून घेऊ नका. सगळ्यांचा येतो.

मार्गदर्शकांबद्दल माझं मत थोडं तिरकस आहे. निवृत्त कॅप्टन किस्से झकास सांगतात, ऐकाच. पण तक्ता आधी एखाद्या एमसीपीओला (मास्टर चीफ पेटी ऑफिसर, खलाशांमधला सगळ्यात वरिष्ठ) दाखवा. तो हत्यारांबद्दल चकार शब्द काढणार नाही. यादीवर बोट ठेवून ‘हा जेवणार कधी?’ एवढंच विचारेल.

आणि हे सगळं स्टाफ रिक्वायरमेंट (जहाजात काय काय हवं याची नौदलाची अधिकृत मागणी) पक्की व्हायच्या आत उरका. त्यानंतर चार बंक, म्हणजे झोपायच्या जागा, वाढवायचे म्हटलं तरी गोडं पाणी, एसी, लाइफराफ्ट, वजनाचा हिशोब, सगळंच हलतं, आणि डिझाइनवाले तुम्हाला दारात उभं करणार नाहीत.