रायटर घेऊन पेपर द्यायचा तर: अर्जापासून शेवटच्या पुरवणीपर्यंत

अभ्यास झालेला असतो, उत्तर तोंडपाठ असतं, तरीही दृष्टिहीन विद्यार्थ्याचा पेपर अर्धा राहतो. घरचे म्हणतात, 'बिचाऱ्याला दिसत नाही ना.' केंद्रावरचे म्हणतात, 'लिहितो तर रायटरच, याचं काय जातंय?' दोन्ही बोलणी चुकीची. पेपर राहतो तो बहुतेक वेळा कागद अपुरे असल्यामुळे, नाहीतर उत्तर सांगून लिहून घेण्याचा सराव न केल्यामुळे. या दोन्ही गोष्टी आधी करून ठेवता येतात. विद्यार्थ्याला प्रश्न वाचून दाखवणाऱ्या आणि तो सांगेल ते लिहिणाऱ्या माणसाला नियमांत लेखनिक म्हणतात, मुलं रायटर म्हणतात. इथेही रायटरच म्हणू.

आधी कागद

केंद्रावर संशय घेणारा माणूस भेटणारच, असं धरून चाला. त्याच्याशी वाद घालत बसलात तर तुमचाच वेळ जातो. कागद पुढे केला की बोलणं लवकर मिटतं. म्हणून फाइल परीक्षेच्या तीन महिने आधी तयार हवी.

पहिला कागद यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगत्वाचं सरकारी ओळखपत्र. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करायचा, मग जिल्हा रुग्णालयात नेत्रतपासणी. सवलती आणि आरक्षणासाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागतं. एका डोळ्याने अजिबात न दिसणाऱ्याला, दुसरा डोळा चांगला असेल तर, साधारण ३० टक्केच मिळतात. तो आरक्षणात बसत नाही. पण लिहिण्यात खरी अडचण असेल तर ४० टक्क्यांच्या खालच्यालाही रायटर मिळू शकतो. सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी विकास कुमार विरुद्ध यूपीएससी या खटल्यात हे स्पष्ट केलं आणि त्यानंतर ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राने अशांसाठी वेगळी तत्त्वं काढली. त्यांना सरकारी रुग्णालयाचं 'लिहिण्यास अडचण आहे' असं स्वतंत्र प्रमाणपत्र लागतं. ते मिळवायला वेळ जातो, परीक्षेच्या आदल्या आठवड्यात मागून उपयोग नाही.

दुसरी गोष्ट अर्जातली. ऑनलाइन फॉर्ममध्ये 'रायटर हवा का' आणि 'जादा वेळ हवा का' असे बहुधा दोन वेगळे प्रश्न असतात. सायबर कॅफेत फॉर्म भरून देणारा घाईत पहिल्यावर 'हो' करतो, दुसरा तसाच सोडतो. मग हॉल तिकिटावर जादा वेळ छापून येत नाही आणि परीक्षेच्या दिवशी कोणी ऐकत नाही. भरलेला फॉर्म सबमिट करण्याआधी कोणाकडून तरी शब्दन् शब्द वाचून घ्या. स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, स्वतः ऐकता आला तर फारच उत्तम. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर फुकट आहे आणि मराठीही वाचतो.

दहावी-बारावीसाठी सवलतीचा प्रस्ताव शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे जातो. मुख्याध्यापकांना 'पाठवला का?' एवढंच विचारू नका, मंजुरीपत्राची प्रत मागा.

तिसरा कागद रायटरचा: ओळखपत्र, शिक्षणाचा पुरावा, दोन फोटो, हमीपत्र. रायटर अठराच्या आतला असेल तर पालकांचं संमतीपत्रही जोडून ठेवा. नियमात नसलं तरी केंद्रावर विचारतात. सगळ्याच्या तीन-तीन प्रती काढा. एक केंद्राला, एक तुमच्याकडे, एक रायटरच्या पिशवीत.

रायटर कुठून आणायचा

मूळ अडचण इथे आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये तुमची परीक्षा, तेव्हाच गावातल्या प्रत्येक पोराची परीक्षा. त्यामुळे आयत्या वेळी 'मित्राचा भाऊ येतो म्हणालाय' यावर विसंबू नये. केंद्र सरकारच्या २०१८ च्या तत्त्वांत स्वतः आणलेला रायटर उमेदवारापेक्षा एक पायरी कमी शिकलेला असावा, अशी अट होती. ऑगस्ट २०२५ मध्ये नवी तत्त्वं आली. परीक्षा घेणाऱ्या संस्थांनीच प्रशिक्षित रायटरांची यादी ठेवावी असा त्यांचा रोख आहे. प्रत्येक परीक्षा आपला नियम जाहिरातीत देते, तोच धरायचा. मागच्या वर्षीचा चालला म्हणून यंदा चालेल, हे गृहीत धरणाऱ्यांची फजिती दर वर्षी होते.

शोधायचं असेल तर महाविद्यालयातल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या प्रमुखांना भेटा, त्यांना स्वयंसेवकांना काम द्यायचंच असतं. मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयातलं दृष्टिहीनांसाठीचं संसाधन केंद्र आणि राष्ट्रीय अंध संघ, पुण्यात 'निवांत' ही संस्था आणि पूना ब्लाइंड मेन्स असोसिएशन, इथून चौकशी सुरू करता येते. जिल्ह्याच्या ठिकाणी डी.एड. आणि आयटीआयचे विद्यार्थी चांगले पडतात. तीन नावं पक्की करा: एक मुख्य, दोन राखीव. राखीव मुलांनाही एकदा सरावाला बसवा, नाहीतर ते नुसते नावालाच. नियमात आजारपणासारख्या अडचणीला रायटर बदलण्याची आणि वेगवेगळ्या विषयांना वेगळे रायटर आणण्याची मुभा आहे. मराठीला एक, गणिताला दुसरा असं मुद्दाम करावं. सुंदर अक्षराच्या मुलीला समीकरणं लिहिता येतीलच असं नाही.

निवडताना फक्त तीन गोष्टी बघा. अक्षर वाचता येतं का. सांगितलेलं जसंच्या तसं लिहितो का. आणि गप्प बसू शकतो का. हुशार रायटरचा तिसऱ्या गोष्टीत घोटाळा होतो. 'अरे, हे असं नाही, मला माहीतये' म्हणत तो दयेपोटी उत्तर सुधारतो. पर्यवेक्षकाने ते ऐकलं की कॉपीचा ठपका तुमच्यावर येतो. पहिल्या सरावातच सांगा: माझं उत्तर चुकलं तरी चुकीचंच लिही. जाण्यायेण्याचं भाडं आणि नाश्ता तुमच्याकडून. तो नको म्हणाला तरी द्या, पुढच्या पेपरला तो वेळेवर येतो.

केंद्राने रायटर दिला तर २०१८ च्या तत्त्वांत परीक्षेच्या दोन दिवस आधी त्याला भेटायचा हक्क होता. तुमच्या परीक्षेच्या नियमात अशी भेट असेल तर ती टाळू नका. त्या तासाभरात त्याच्याकडून एक पान लिहून घ्या, ते कोणाला तरी वाचायला लावा आणि काय बदलायचं ते तिथेच सांगा.

सांगणं हा वेगळा विषय

उत्तर माहीत असणं वेगळं आणि ते सलग, लिहिण्याच्या वेगाने सांगता येणं वेगळं. नवखा विद्यार्थी बोलतो तसं सांगतो: 'म्हणजे ना, शिवाजी महाराजांनी, नाही, आधी ते अष्टप्रधान लिही.' रायटर खोडतो, पान खराब होतं, दोघंही चिडतात.

सुरुवात एकट्याने, फोनच्या रेकॉर्डरवर. पाच गुणांचं एक उत्तर निवडा, आधी मनात चार मुद्दे मोजा, मग बोला. ऐकताना 'म्हणजे', 'हां', 'नाही नाही' किती वेळा आलं ते मोजा. हा आकडा दोनच्या खाली येईपर्यंत रायटर बोलवायची घाई नको. साधारण दोन आठवडे, रोज अर्धा तास.

मग रायटर घेऊन. त्याचा वेग मोजा: दहा मिनिटं सांगा, शब्द मोजा, दहाने भागा. तो आकडा तुमचा खरा वेग, डोक्यातला विचारांचा वेग नव्हे. वाक्य सहा-सात शब्दांच्या तुकड्यांत सांगा. तुकडा संपला की थांबा, पेनाचा आवाज थांबला की पुढचा तुकडा. पेनाचा आवाज ऐकायची सवय फार उपयोगी पडते. रायटर अडखळला की तो लगेच कळतो.

मराठीच्या पेपरला एक खास खड्डा आहे. ज्यांनी सगळं कानाने शिकलं त्यांना ऱ्हस्व-दीर्घ माहीतच नसतं. 'दिन' आणि 'दीन' ऐकायला सारखेच. रायटर जे लिहील ते तुमच्या नावावर जातं. उपाय कंटाळवाणा पण खात्रीचा आहे: स्क्रीन रीडरवर शब्दावर थांबून बाणाच्या कळीने अक्षर-अक्षर ऐकायचं, किंवा तोच धडा ब्रेलमधून वाचायचा. ब्रेल वाचणाऱ्यांचं शुद्धलेखन उजवं असतं ते यामुळेच. ब्रेल आता लागत नाही, असं सांगणारे शिक्षक बरेच भेटतील. निदान भाषेच्या पेपरापुरतं तरी त्यांचं ऐकू नये. शंका येणारे शब्द सांगताना फोडून सांगा: 'दीन, दीर्घ ई'. विरामचिन्हंही बोलून दाखवा, नाहीतर सगळं उत्तर एकाच वाक्यात जातं.

गणितात कंसाची सुरुवात आणि शेवट दोन्ही उच्चारायचे. 'अ अधिक ब चा वर्ग' म्हटलं की रायटर फक्त 'ब' वर दोन लिहितो. 'कंस सुरू, अ अधिक ब, कंस पूर्ण, पूर्ण कंसाचा वर्ग' असं सांगा. अपूर्णांकाला आधी 'अंश', मग 'छेद', शेवटी 'अपूर्णांक संपला'. हे शब्द दोघांनी मिळून ठरवा, एका कागदावर लिहून ठेवा, आणि परीक्षेपर्यंत बदलू नका. टेलर फ्रेम (स्पर्शाने आकडेमोड करायची पाटी), अबॅकस, ब्रेल पाटी अशी साधनं नेता येतात. आकडेमोड तुम्ही तिथे करा, रायटरकडून तोंडी करून घेऊ नका.

कमी दिसणाऱ्यांनी आधी ठरवावं की रायटर हवा की मोठ्या अक्षरातली प्रश्नपत्रिका. तासाभराने डोळे दुखून अक्षरं नाचायला लागत असतील तर रायटर. 'दिसतंय की थोडं' असं कोणी म्हणेल, प्रमाणपत्र दाखवा आणि पुढे जा.

घड्याळाचा हिशेब

जादा वेळ तासाला किमान २० मिनिटं. म्हणजे दहावीचा ८० गुणांचा तीन तासांचा भाषेचा पेपर चार तासांचा होतो, ४० गुणांचा दोन तासांचा गणिताचा पेपर दोन तास चाळीस मिनिटांचा. २४० मिनिटांत पहिली १५ संपूर्ण प्रश्नपत्रिका ऐकायला द्या, गुणांसकट. ऐकताना प्रश्नक्रमांक आणि गुण ब्रेल पाटीवर टिपा. त्यानंतर गुणाला अडीच मिनिटं धरली की २०० मिनिटं जातात. उरलेली २५ लिहिलेलं वाचून घ्यायला. ही २५ मिनिटं अनेक जण खाऊन टाकतात आणि सुटलेला उपप्रश्न निकालानंतर कळतो.

राज्यसेवा पूर्वपरीक्षेचं गणित वेगळं. सामान्य अध्ययनाचे १०० प्रश्न, दोन तासांचे होतात १६० मिनिटं, म्हणजे प्रश्नाला ९६ सेकंद. लांब विधानांचा प्रश्न नुसता वाचण्यातच त्यातला मोठा भाग जातो. म्हणून रायटरच्या वाचनाचा सराव लिखाणाइतकाच करा. तो पर्याय सावकाश, आवाज न चढवता वाचतो का? नकळत बरोबर पर्यायावर जोर देणारे रायटर असतात, आणि भलत्यावर जोर देणारेही. सीसॅट या पूर्वपरीक्षेच्या दुसऱ्या पेपरात उताऱ्याआधी प्रश्न ऐका, मग उतारा. उलट केलं तर उतारा दोनदा ऐकावा लागतो. गोल काळे करताना दर दहाव्या प्रश्नाला तुम्ही विचारायचं, 'तिसावा प्रश्न, कोणता गोल?' एक ओळ घसरली की पुढची सगळी उत्तरं घसरतात, आणि चुकीला गुण कापले जातात. मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाल्याने वरचा सांगण्याचा सराव स्पर्धा परीक्षेलाही तितकाच लागतो.

केंद्रावर

तासभर आधी पोहोचा आणि सरळ केंद्रसंचालकांकडे जा, पर्यवेक्षकाकडे नको. वर्ग तळमजल्यावर मागा, शक्यतो वेगळा, कारण मोठ्याने सांगावं लागतं. पेपर सुरू होण्याआधी विचारा: 'माझा पेपर किती वाजता संपतो?' वेळ त्यांच्या तोंडून येऊ द्या आणि रायटरला ती कागदाच्या कोपऱ्यात लिहायला सांगा.

जादा वेळ नाकारला तर शांतपणे म्हणा, 'तसं लेखी द्या.' लेखी द्यायची वेळ आली की बरेच जण वर फोन करून विचारतात, आणि वेळ मिळतो. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ च्या कलम १७ मध्ये रायटर आणि जादा वेळ दोन्ही आहेत. छापील प्रत फाइलमध्ये असू द्या. पण पेपर सोडून भांडत बसू नका. अवनी प्रकाश या विद्यार्थिनीला नीटमध्ये तासाभराचा जादा वेळ मिळाला नव्हता. नोव्हेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिच्यावर अन्याय झाल्याचं मान्य केलं, तरी पुन्हा परीक्षा दिली नाही. मिनिटं तिथेच मिळवावी लागतात. नाहीच मिळाली तर त्याच दिवशी घटनेची तारीख, वेळ आणि खोली क्रमांक लिहून केंद्रसंचालकांना अर्ज द्या, पोच घ्या आणि एक प्रत पुण्यातल्या दिव्यांग आयुक्त कार्यालयाला पाठवा.

निवड झाल्यावरही हीच फाइल लागते. उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांना २०१५ च्या यूपीएससीत ७७३ वा क्रमांक मिळूनही रेल्वे लेखा सेवेने दृष्टीचं कारण देऊन नाकारलं होतं. पुढच्याच परीक्षेत त्या १२४ व्या आल्या आणि आयएएस झाल्या. सरकारी नोकरीत ४ टक्के आरक्षणातला १ टक्का अंध आणि अल्पदृष्टींसाठी आहे, पण पदाच्या यादीत तुमचा प्रकार 'योग्य' म्हणून नोंदला आहे का, हे अर्ज करण्याआधीच तपासा.

पेपर परत करण्याआधी शेवटची पाच मिनिटं उत्तरपत्रिकेवर. रायटरला पहिल्या पानावरचा बैठक क्रमांक मोठ्याने वाचायला लावा, अंक-अंक. पुरवण्या मोजा, प्रत्येकीवर क्रमांक आहे का ते विचारा, आणि दोरा स्वतःच्या बोटांनी चाचपून पाहा. सैल बांधलेली शेवटची पुरवणी गठ्ठ्यातून सहज निसटते.