खोडरबराच्या ठशांनी घरच्या घरी शुभेच्छापत्रं

दुकानात मिळणाऱ्या तयार ठशांवर बहुतेक फुगे, केक नाहीतर गुलाब असतात. पोळ्याच्या कार्डावर त्यातलं काय उमटवणार? म्हणून ठसे आपणच कोरावेत, आणि आपल्या वावरातले कोरावेत: कापसाचं बोंड, बैलाचं तोंड, आपट्याचं पान, पळसाचं फूल. नीट कोरलेला ठसा पुढच्या सणालाही कामी येतो.

सामान फारसं नाही. मोठं, मऊ, पांढरं खोडरबर, कटर, बटर पेपर, मऊ शिशाची पेन्सिल, स्टॅम्प पॅड आणि २०० ते २५० जीएसएमची (म्हणजे चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाची, जाडसर) कार्डशीट. ए-फोर आकाराची शीट लांबीच्या मधोमध कापली की दोन तुकडे होतात. प्रत्येकाची घडी घातली की दोन कार्डं तयार. घडीच्या जागी आधी पट्टी धरून रिकाम्या रिफिलने रेघ ओढा, म्हणजे कागद तडकत नाही.

पहिला ठसा आपट्याच्या पानाचा करा. आकार सोपा आहे आणि दसऱ्याला लागतोच. बटर पेपरवर पेन्सिलने पान ठळक काढा, कागद खोडरबरावर उलटा ठेवा आणि नखाने घासा. चित्र उलटं उतरतं, त्यामुळे छापल्यावर सुलटं येतं. पानाला याने फरक पडत नाही, पण अक्षरं कोरताना हे विसरून चालणार नाही.

आता कोरणं. जे उंच राहील तेच छापलं जाईल, म्हणून रेघेच्या बाहेरचा भाग काढायचा. कटरचं पातं रेघेपासून बाहेरच्या बाजूला, खाली उतरत जाईल असं तिरपं धरा. उंचवटा बुडाशी रुंद राहिला पाहिजे. रबर आतून पोखरलं गेलं तर दाबताच रेघ वाकते आणि छाप फाटका येतो. दोन-तीन मिलिमीटर खोली पुरे. वळणावर हात न वळवता खोडरबर फिरवा. लहान मुलांना चित्र काढू द्या, छापू द्या. पातं मात्र मोठ्यांच्याच हातात असावं.

छापताना कार्डाखाली वर्तमानपत्राची जाड घडी ठेवा. ठसा पॅडवर जोरात दाबू नका, हलके हलके टेकवा, नाहीतर खाचांत शाई भरते. कार्डावर सरळ दाबा, डोलवू नका, सरळच उचला. आधी रद्दीवर छापून पाहा. पावसाळ्यात छाप उशिरा वाळतो, आणि उन्हाळ्यात पॅड लवकर सुकतो. झाकण लगेच लावायची सवय ठेवा.

पोळ्यासाठी बैलाचं तोंड कोरा, आणि छाप वाळल्यावर शिंगांवर बेगडीचे बारीक तुकडे चिकटवा. खऱ्या बैलाच्या शिंगांना लावतो तीच बेगड कार्डावरही शोभते. तान्ह्या पोळ्याला हाच ठसा मुलांच्या कामाचा. त्याखाली चार बाटल्यांची झाकणं रंगात बुडवून छापली की लाकडी बैलाची चाकं होतात. भुलाबाईच्या दिवसांत मुली मैत्रिणींना खिरापतीचं बोलावणं धाडतात. त्यासाठी कापलेल्या भेंडीचा छापही छान फुलतो, कोरायचीही गरज नाही. दसऱ्याचं पान पोस्टर कलरच्या सोनेरी रंगात हवं. रंग घट्टच ठेवा आणि स्पंजच्या तुकड्याने ठशावर लावा. १४ ऑक्टोबरला, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला, निळ्या पॅडवर पिंपळाचं पान घ्या. त्याला ठसाही नको: ताज्या पानाच्या पालथ्या बाजूला, जिथे शिरा उठून दिसतात तिथे, शाई लावून वर कागद दाबा.

मजकुराबाबत माझं मत ठाम आहे. शिरोरेषा, वेलांट्या, जोडाक्षरं खोडरबरात कोरायला फार नाजूक पडतात. ‘हार्दिक शुभेच्छा’ असा ठसा तालुक्याला शिक्के बनवणाऱ्याकडून करून घ्या. आतला मजकूर मात्र स्वतःच्या अक्षरात लिहा. बहिणीला, मामाला, शाळेतल्या बाईंना काय लिहायचं ते कुठल्याच शिक्क्यावर मावणार नाही. चित्रही एका कोपऱ्यात ठेवा, बाकी जागा मोकळी सोडा.

काम झालं की ठशावरची शाई ओल्या फडक्याने पुसा आणि प्रत्येक ठसा कागदात गुंडाळून ठेवा. खोडरबर प्लास्टिकच्या डब्याला लागून राहिलं तर चिकटतं आणि कोरलेल्या कडा खराब होतात. कार्डं पाकिटात घालण्यापूर्वी रात्रभर वाळू द्या.