सांगलीत स्टोरेज बसवायचं, तर आधी जिना चढा

सोसायटीच्या कॅमेऱ्यांचं स्टोरेज बसवायला गेलो की मी आधी डिस्कचं बोलतच नाही. २०१९ च्या ऑगस्टात पाणी कुठवर आलं होतं, ते विचारतो. त्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली आणि गावभागात एका जिन्याखाली मीच बसवलेलं मशीन बुडालं. तेव्हापासून रॅक तळमजल्यावर नाही म्हणजे नाही. गच्चीवरची लिफ्टची खोलीही नको. मे महिन्यात तिथं भाकरी भाजून निघेल. मधल्या मजल्यावरचा हवेशीर कोपरा मागून घ्या. तिथं कुणाची तरी सायकल असते, भांडण होतं, होऊ द्या.

मग हिशेब. एका कॅमेऱ्याला ४ एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला ४ मेगाबिट, धरले तर दिवसाला साधारण ४३ जीबी भरतात. १६ कॅमेरे, ३० दिवस, म्हणजे जवळपास २१ टीबी. मी आठ खणांचं नॅस, म्हणजे नेटवर्कला जोडायचं डिस्कचं मशीन, घेतो आणि ८ टीबीच्या पाचच डिस्क भरतो. त्या रेड ६ पद्धतीनं जोडतो, म्हणजे दोन डिस्क बिघडल्या तरी रेकॉर्डिंग टिकतं. त्यासाठी दोन डिस्कची जागा राखीव जाते, हातात २४ टीबी येतात. उद्या कॅमेरे ३२ झाले तर उरलेले तीन खण भरायचे, ४८ टीबी होतात, लागतात साडेएकेचाळीस. मात्र चालू मशीनमध्ये डिस्क वाढवता येते ना, हे घेतानाच विचारा. ‘पाच खणांचं स्वस्त पडतंय की’ म्हणणारे खजिनदार मला दर वेळी भेटतात. कॅमेरे वाढले की अख्खं मशीन बदलायला तेच बोलावतात.

नेटवर्कला एवढं डोकं लागत नाही. १६ कॅमेऱ्यांचे मिळून ६४ एमबीपीएसच. गिगाबिट, म्हणजे १००० एमबीपीएसचा, स्विच पुरून उरतो, १० गिगच्या नादाला लागू नका. कॅमेऱ्यांचं व्हीलॅन, म्हणजे त्याच स्विचवर आखलेलं स्वतंत्र नेटवर्क, वेगळं ठेवा. तांब्याची केबल १०० मीटरच्या आत. एका विंगमधून दुसरीत जाताना मात्र फायबरच टाका, अंतर कमी असलं तरी. वळवाच्या विजा तांब्यावरून थेट स्विचपर्यंत येतात. आणि डक्टमध्ये एक पाइप रिकामा सोडा, पुढची केबल ओढायला आत नायलॉनची दोरी ओवून. डिस्क कधीही मिळते, रंगवलेली भिंत पुन्हा फोडायला कोण देतंय?

शेवटी, रेकॉर्डिंग सुरू करून पहिल्याच दिवशी, सेक्रेटरींसमोर मी चालू मशीनमधली एक डिस्क ओढून काढतो. त्यांचा चेहरा पडतो. स्क्रीनवर चित्र चालूच राहिलं की डिस्क परत बसवतो, आणि मगच बिल पुढं करतो.