गादी सरकली? आधी दुखणं कुठे जातंय ते बघा

एमआरआयच्या रिपोर्टवर 'एल४-एल५ डिस्क बल्ज', म्हणजे कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली गादी फुगलेली, असं वाचून पंचविशीतली मुलं हादरतात. पण कंबर अजिबात न दुखणाऱ्या विशीतल्या लोकांचे एमआरआय काढले, तरी सुमारे ३० टक्के जणांत असा फुगवटा दिसतो. खरोखर नस दबून पाय दुखत असला, तरी बहुतेकांना ६ ते १२ आठवड्यांत शस्त्रक्रियेविना बरं वाटतं. गादीतून बाहेर आलेला गर शरीर बरेचदा स्वतःच शोषून घेतं.

मात्र लघवी अडली, लघवी-संडासवरचा ताबा सुटला, बैठकीची जागा बधिर झाली किंवा पाऊल उचलता येईना, तर हा लेख बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

पहिले दोन-तीन दिवस. उताणे झोपून पोटऱ्या खुर्चीवर ठेवा. गोळ्या डॉक्टरांना विचारून घ्या. दिवसभर पडून मात्र राहू नका. घरातल्या घरात पाच-पाच मिनिटं चाला. 'चोळून गादी बसवून देतो' म्हणणारा गावोगावी भेटतो. त्याला नमस्कार करून पुढे जा.

मग पालथे झोपा. न्यूझीलंडचे फिजिओथेरपिस्ट रॉबिन मॅकेन्झी यांनी रुळवलेली ही पद्धत. दोन-तीन मिनिटं नुसतं पालथं पडा. जमलं तर कोपरांवर या. तेही सोसलं तर तळहातांनी छाती वर रेटा. ओटीपोट जमिनीलाच, पाठ सैल. दहा वेळा, दिवसातून चार-पाचदा. दिसायला हे भुजंगासन, पण इथे जोर पाठीचा नाही, हातांचा.

आता खरी मेख. पोटरीतली कळ मांडीत, मांडीतली कुल्ल्यात सरकली, तर तुम्ही बरोबर वाटेवर आहात, मग कंबर थोडी जास्त दुखली तरी चालेल. बरेच जण नेमके इथेच घाबरून व्यायाम सोडतात. उलट कळ किंवा मुंग्या पावलाकडे उतरू लागल्या, तर लगेच थांबा आणि फिजिओला दाखवा. हा व्यायाम सगळ्यांना मानवत नाही.

पायातली कळ ओसरली की ताकद. हात-गुडघ्यांवर या, उजवा हात आणि डावा पाय लांब करून ८-१० सेकंद धरा, मग बाजू बदला. जोडीला गुडघे टेकवून साइड प्लँक (कुशीवर वळून, कोपरावर अंग उचलून धरणं) आणि रोजचं चालणं.

रात्रभरात मणक्यांमधली गादी पाणी शोषून फुगते. म्हणून उठल्यावर पहिला तासभर ओणवं होणं टाळा: बादली उचलणं नको, केर-पोछाही नको. सूर्यनमस्कार आणि पश्चिमोत्तानासन महिना-दोन महिने बंदच ठेवा, घरातली मोठी माणसं कितीही आग्रह करोत. लॅपटॉपवरून दर अर्ध्या तासाने उठा. खड्ड्यांच्या रस्त्यावर दुचाकी शक्यतो नकोच. जिममधली डेडलिफ्ट पाय पूर्ण शांत झाल्यावर, हलक्या वजनाने, फिजिओसमोर सुरू करा.

सहा आठवड्यांत काहीच फरक नाही किंवा पायातला जोर कमी होतोय, तर मणक्याच्या डॉक्टरांना दाखवा. तिथेही शस्त्रक्रियेआधी इंजेक्शनचा पर्याय असतो, तो विचारा. पाऊल उचलता येईना, तर मात्र सहा आठवडे मोजत बसू नका.