फ्रान्सच्या ग्रामीण भागात माउंटन बायकिंग: या चुका टाळा

सिंहगड, लोणावळा, माळशेजच्या आसपास सायकल चालवून तयार झालेल्या माणसाला फ्रान्समधली वाट सहसा अवघड जात नाही. घात करतात त्या वाटेच्या आजूबाजूच्या गोष्टी: उलट्या हाताचा ब्रेक, दुपारी बंद झालेलं दुकान, कोरडं पठार, मेंढ्यांच्या कळपातला कुत्रा. मोर्व्हांच्या जंगलालगतच्या आव्हालोंपासून थेट भूमध्य समुद्रापर्यंत जाणारी सुमारे १४०० किलोमीटरची ‘ग्रांद त्राव्हेर्से द्यु मासिफ सांत्राल’ ही माउंटन बाइकची वाट असो, नाहीतर पूर्वेकडच्या जुरा डोंगरांतली दोन दिवसांची फेरी, चुका बहुतेक त्याच त्या होतात.

ब्रेक उलटे आहेत हे पहिल्या उतारावर कळणं

ही सगळ्यात धोक्याची चूक, म्हणून आधी. आपल्याकडे उजव्या हाताला पुढचा ब्रेक; सायकल, स्कूटर, मोटारसायकल, सगळीकडे हीच सवय. फ्रान्समध्ये भाड्याच्या सायकलीचा पुढचा ब्रेक डाव्या हाताला असतो. दुकानाबाहेर सपाट रस्त्यावर फरक जाणवतही नाही. सुट्या दगडांच्या तीव्र उतारावर घाबरून ‘मागचा’ म्हणून डावा लिव्हर करकचून दाबला की पुढचं चाक जागीच थांबतं आणि आपण हँडलवरून पुढे.

बुकिंग करतानाच दुकानाला ब्रेक अदलाबदल करून मागा. बऱ्याच हायड्रॉलिक ब्रेकना ते जमतं, पण पाइप काढून लावावे लागतात, प्रसंगी ऑइल भरावं लागतं. सकाळी नऊ वाजता काउंटरवर उभं राहून सांगितलं तर कुणी करून देणार नाही. जमत नसेल तर पहिला अर्धा तास मोकळ्या मैदानात फक्त ब्रेकचा सराव करा, डाव्या लिव्हरला रंगीत टेप लावा, आणि तुमच्या ग्रुपमध्ये कुणी भारतातून स्वतःची सायकल आणली असेल तर मधेच ‘बघू जरा तुझी’ म्हणून अदलाबदल करू नका. रस्त्यावर उजवीकडून चालायचं हेही आहेच. पण ते डोकं लवकर शिकतं, हाताला वेळ लागतो.

खूण दिसली की तिच्यामागे जाणं

फ्रान्समध्ये माउंटन बाइकला व्हेतेते म्हणतात. फ्रेंच सायकलिंग फेडरेशनच्या व्हेतेते वाटांची खूण म्हणजे एक त्रिकोण आणि त्याला लागून दोन वर्तुळं, सोबत वाटेचा क्रमांक आणि रंग. हिरवा सोपा, मग निळा, लाल, काळा. हा रंग ठरवताना वाटेच्या अवघडपणाबरोबर अंतर आणि चढही धरतात, त्यामुळे लाल वाट म्हणजे दर वेळी मोठमोठे ड्रॉप (सायकल एकदम खाली उतरवायच्या उंच पायऱ्या) असं नाही. कधी ती फक्त लांब आणि दमवणारी असते. उलटंही खरं आहे. पावसानंतर ओल्या मुळांनी भरलेली निळी वाट बेसावध माणसाला सहज आडवा करते.

गोंधळ होतो तो पांढऱ्या-लाल पट्ट्यांचा. त्या पायी चालणाऱ्यांच्या लांब पल्ल्याच्या जीआर वाटांच्या खुणा. पिवळी पट्टी स्थानिक पायवाटेची. अशा वाटांवर सायकलला सरसकट बंदी नाही, पण त्या आखताना सायकलचा विचारही झालेला नाही. मोबाइलवरचं अॅप बेधडक तुम्हाला जीआरवरून नेतं आणि पुढचे दोन तास सायकल खांद्यावर घेऊन दगडी पायऱ्या चढण्यात जातात. फुली दिसली तर ती चुकीची दिशा; ‘जाऊ थोडं पुढे, लागेल वाट’ हा आपला लाडका स्वभाव तिथे आवरा.

राष्ट्रीय उद्यानांच्या गाभा क्षेत्रात मात्र नियम कडक. एक्रँ, मेर्कांतूरसारख्या उद्यानांत सायकलला मोजक्याच वाटा मोकळ्या, बाकी बंद. आधी त्या-त्या उद्यानाच्या संकेतस्थळावर पाहा. सोबत आयजीएन या फ्रान्सच्या सरकारी नकाशा संस्थेचा १:२५,००० चा नकाशा फोनमध्ये डाउनलोड करून ठेवा. समोच्च रेषा एकमेकींना चिकटलेल्या आणि वाट त्यांना सरळ छेदणारी दिसली, तर ती सायकलची वाट नव्हे, मग अॅप काहीही म्हणो.

पाणी ‘मिळेल पुढे’ असं धरून चालणं

मासिफ सांत्राल या फ्रान्सच्या मधल्या डोंगराळ प्रदेशाच्या दक्षिणेला कॉस मेजां, कॉस द्यु लार्झाक ही चुनखडीची पठारं आहेत. सायकलसाठी अप्रतिम: उघडं रान, लांब नजर, जलद वाटा. पण इथे पाणी वर टिकतच नाही. पडलेला पाऊस चुनखडीच्या भेगांतून खाली उतरतो आणि शेकडो मीटर खोल तार्नसारख्या नद्यांच्या दरीत झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडतो. कोकणातल्या सड्यावर पावसाळ्यात निदान डबकी तरी असतात, इथे तीही नाहीत. मधूनच दगडांनी बांधलेली गोल तळी दिसतात, त्यांना लाव्होन्य म्हणतात. ती मेंढ्यांसाठी आहेत, तुमच्यासाठी नाहीत.

उन्हाळ्यात पठारावर चढण्याआधी माणशी तीन लिटर भरून घ्या. गावात पाण्याची सोय दिसत नसेल तर दफनभूमीकडे जा. फुलझाडांसाठी तिथे बहुधा नळ असतो आणि फ्रेंच सायकलस्वार सर्रास तिथेच बाटल्या भरतात. फक्त पाटी वाचायची: ‘ओ पोताब्ल’ म्हणजे पिण्याचं पाणी, ‘नों पोताब्ल’ असेल तर डोक्यावर ओता आणि पुढे व्हा.

जेवणाचंही असंच. खेड्यातलं दुकान दुपारी साडेबारा-एकला बंद होतं आणि तीन-चारपर्यंत उघडत नाही. रविवारी दुपारनंतर सगळं शांत. सोमवारी बेकरी बंद असू शकते आणि सायकलचं दुकानही. रेस्टॉरंटचं स्वयंपाकघर दोनला आवरलं की तुमच्या चेहऱ्यावरची भूक पाहून कुणी पुन्हा गॅस पेटवत नाही. सकाळी नऊच्या आत ब्रेड आणि चीज पिशवीत टाकलेलं बरं. शाकाहारी असाल तर मुक्कामाच्या ठिकाणी आदल्या दिवशीच कळवा. ‘सॅलड’ म्हणून समोर आलेल्या ताटात डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे असणं अगदी नेहमीचं. मासिफ सांत्रालमधल्या ओब्राक भागात आलिगो मागा, बटाटा आणि चीज घोटून केलेला तो लांब तारांचा प्रकार दिवसभराच्या चढानंतर स्वर्ग आहे. सोबत सॉसेज नको, हे सांगायला विसरू नका.

पांढऱ्या कुत्र्यापासून पळून जाणं

१९९२ मध्ये इटलीकडून लांडगे पुन्हा फ्रान्समध्ये आले आणि मेंढपाळांनी कळपांत पातू, म्हणजे मोठे पांढरे राखणदार कुत्रे, पुन्हा ठेवायला सुरुवात केली. हा कुत्रा कळपातच वाढतो, मेंढ्यांना आपलं कुटुंब मानतो. वेगाने येणारी सायकल त्याच्या लेखी हल्ला असते.

कळप दिसला की लांबूनच वेग कमी करा, कुत्रा भुंकत आला की खाली उतरा, सायकल त्याच्या आणि तुमच्यामध्ये ठेवा, शांत आवाजात बोलत राहा आणि कळपाला मोठा वळसा घालून चालत पुढे जा. तो हुंगेल, माघारी जाईल. मराठीत बोललात तरी चालतं. ओरडणं, दगड उचलणं, डोळ्याला डोळा भिडवणं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे पेडल मारत सुटणं, या गोष्टी टाळा.

तारीख न बघता जाणं

जुलै-ऑगस्टमध्ये दक्षिणेकडच्या प्रोव्हान्समध्ये वणव्याच्या धोक्यामुळे डोंगर बंद ठेवले जातात. मार्सेयच्या परिसरात १ जूनपासून ३० सप्टेंबरपर्यंत कुठले डोंगर खुले, कुठले बंद हे दाखवणारा दुसऱ्या दिवशीचा नकाशा आदल्या संध्याकाळी जाहीर होतो. तो न पाहता निघू नका. शरद ऋतू आकर्षक, पण सेव्हेन भागात याच काळात भूमध्य समुद्रावरून आलेली दमट हवा डोंगरांना अडून काही तासांत प्रचंड पाऊस ओतते, आणि कोरडा ओढा बघता बघता ओलांडण्यापलीकडे जातो. साधारण सप्टेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत शिकारीचा हंगामही असतो. ‘शास आं कूर’ अशी पाटी म्हणजे पुढे शिकार सुरू आहे. भडक केशरी जॅकेट घाला आणि शक्यतो दुसरी वाट धरा.

विमानातून आलेली सायकल न तपासता उतारावर नेणं

गिअर आपोआप उडतायत, मागच्या मोठ्या दातेरी चकतीवर चेन कटकट करतेय? केबल ताणत बसू नका. आधी मागून पाहा, डिरेलर (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा भाग) ज्यावर टांगलेला असतो तो हँगर बहुधा आत वाकलेला असतो. अशा स्थितीत सगळ्यात हलका गिअर टाकला तर डिरेलर स्पोकमध्ये अडकतो आणि सहल तिथेच संपते. पॅक करताना डिरेलर सोडवून फ्रेमच्या आत बांधा आणि तुमच्याच मॉडेलचा जादा हँगर जवळ ठेवा. गावातल्या दुकानात नेमका तोच मिळेल, अशी आशा नको.

ब्रेक आवळून बसलाय आणि ब्रेकची चकती आत जात नाही? चाक काढलेलं असताना प्रवासात लिव्हर दाबला गेला. जुने पॅड तसेच ठेवून प्लॅस्टिकच्या टायर लिव्हरने पिस्टन हळूहळू मागे रेटा. पुढच्या वेळी पॅडच्या मधे पुठ्ठ्याचा तुकडा खोचा. लांब उतारावर लिव्हर हँडलपर्यंत येऊ लागला तर थांबा, थंड होऊ द्या, पॅड किती उरलेत ते पाहा. सतत हलका ब्रेक लावून उतरण्यापेक्षा वळणाआधी जोरात लावून मग सोडणं चांगलं. मोर्व्हां किंवा व्होज या डोंगराळ भागांतल्या चिखलात रेझिन पॅड झपाट्याने संपतात; तिथे मेटलचे बरे.

टायरची हवा विमानासाठी पूर्ण काढू नका. ट्यूबलेस टायर रिमपासून सुटला की हातपंपाने तो परत बसवताना घाम निघतो. बसत नसेल तर व्हॉल्व्हची आतली सुई काढून हवा भरा, जोर जास्त मिळतो. चुनखडीची धार टायरच्या बाजूला चिरा पाडते, तिथे भोक बुजवायचा रबरी प्लग टिकत नाही. आतून जुन्या टायरचा तुकडा लावा आणि ट्यूब टाका. पण त्याआधी टायरच्या आत बोट फिरवून अडकलेले सगळे काटे काढा, टायरमधल्या सीलंटने (भोकं बुजवणाऱ्या द्रवाने) आजवर लपवलेले ते काटे नवी ट्यूब पाच मिनिटांत फोडतात. ई-बाइकची बॅटरी प्रवासी विमानात नेता येत नाही, म्हणून ती तिथेच भाड्याने घ्या.

विमा आणि रेल्वे शेवटच्या दिवसावर ढकलणं

शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो. तो घेतला म्हणजे माउंटन बायकिंग त्यात आलंच असं नाही. वगळलेल्या खेळांची यादी वाचा. डोंगरातल्या सरकारी बचाव पथकाचं बिल सहसा येत नाही, हॉस्पिटलचं येतं. मदतीसाठी ११२ लावा.

तेजेव्हे या वेगवान रेल्वेगाडीत चाकं काढून १३० बाय ९० सेंटीमीटरच्या पिशवीत घातलेली सायकल सामान म्हणून जाते. जोडलेली न्यायची तर आधी जागा राखून ठेवावी लागते, आणि अशा जागा प्रत्येक गाडीत मोजक्याच. प्रादेशिक तेएर गाड्यांत बहुतेक ठिकाणी सायकल फुकट, पण काही भागांत उन्हाळ्यात तिथेही आरक्षण लागतं. १४ जुलै आणि १५ ऑगस्ट या सुट्ट्यांच्या आसपास परतीचं तिकीट असेल तर माणसाच्या आधी सायकलची जागा शोधा, कारण तीच लवकर संपते.