अंगणातलं मोठं झाड: छाटावं की पाडावं, आणि कसं

मृग लागायच्या आधी आमच्या इंदूरच्या राजेंद्रनगरात सायकलला करवत बांधलेला एखादा माणूस फाटकाशी येतोच. वर बघतो, मान हलवतो आणि म्हणतो, "बाऊजी, ये तो गिरेगा. आधा उतार दूँ?" काही वर्षांपूर्वी मी हो म्हणून बसलो. गुलमोहराचा अख्खा शेंडा उतरवला गेला आणि झाड विजेच्या खांबासारखं उभं राहिलं. दोन महिन्यांत कापलेल्या टोकांभोवती धुमाऱ्यांचे झुपके फुटले. मला वाटलं, झाड सावरलं. चौथ्या पावसाळ्यात त्यातलाच एक, मनगटाहून जाड झालेला धुमारा, सालीपासून सोलून निघाला आणि शेजारच्या वहिनींच्या स्कूटरवर आला. हँडल, आरसे, सीट, सगळा खर्च माझा.

असं का झालं? नेहमीची फांदी खोडातून निघते आणि दरवर्षी तिच्या सांध्यावर लाकडाचे थर चढतात. शेंडा मारल्यावर फुटणारे धुमारे वरच्या थराला नुसते चिकटलेले असतात, आणि त्यांच्याखाली कापलेलं टोक कुजत असतं. म्हणजे धोका टाळायला केलेलं मुंडणच धोका तयार करतं. "आधा उतार दूँ" म्हणणाऱ्याला नाही म्हणणं हीच पहिली पायरी.

आधी पाहणी, तीही खालून वर

बहुतेक लोक वर बघतात. सुरुवात बुंध्यापाशी करा. माळव्याची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, त्यात नवल नाही. पण झाड ज्या बाजूला कललंय त्याच्या उलट बाजूला, बुंध्याभोवती चंद्रकोरीसारखी भेग पडली असेल आणि तिथली माती उचलली गेली असेल, तर मुळं सुटताहेत. खालून माणसं आणि गाड्या हटवा आणि त्याच दिवशी जाणत्याला फोन करा. उलट, झाड लहानपणीच कललेलं असेल आणि नंतर शेंडा वळून सरळ वर गेला असेल, तर त्याने तोल साधलाय. त्याला उगीच बदनाम करू नका.

बुंध्याला तपकिरी, वॉर्निश लावल्यासारखी चकाकणारी, अर्ध्या थाळीच्या आकाराची टणक बुरशी दिसली तर ते बहुधा गॅनोडर्मा. बाहेर थाळी दिसते तेव्हा आतलं लाकूड बरंच सडलेलं असू शकतं. वरची पानं मात्र तेव्हाही हिरवीगार असतात, म्हणून माणूस फसतो.

मग लाकडी मोगरी घ्या आणि खोडाभोवती वीतभर अंतराने ठोकत फिरा. घट्ट लाकूड "ठक" करतं, पोकळ "डब" करतं. पोकळ म्हणजे लगेच पाडायचं, असं नाही. जाणकार लोक एक ढोबळ हिशेब धरतात: पोकळीभोवतीचं निरोगी लाकूड त्रिज्येच्या निदान एक तृतीयांश जाड हवं. छातीच्या उंचीवर टेपने घेर मोजला आणि तो 188 सेंटीमीटर भरला, तर व्यास सुमारे 60, त्रिज्या 30, म्हणजे चहूबाजूंनी 10 सेंटीमीटर चांगलं लाकूड पाहिजे. ढोली एका बाजूला उघडी असेल तर हा हिशेब पुरत नाही, जाणत्यालाच दाखवा. दोन जाड खोडं इंग्रजी व्हीसारखी घट्ट जुळलेली असून मधे साल आत दाबली गेली असेल, तर वादळात झाड तिथूनच फाटतं.

आणि कडुनिंब फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं गाळतो, तेव्हा त्याला "वाळला" म्हणू नका.

पाडायचंच आहे का?

पन्हाळीत पाला अडकतो, पाखरं गाडीवर घाण करतात, पिंपळ अंगणात नको असं कोणी सांगितलंय: ही पाडायची कारणं नाहीत. गाडी हलवता येते. खाली काय आहे ते बघा. पोकळ झाड रिकाम्या परसात असेल तर वजन कमी करून वर्षानुवर्षं ठेवता येतं. तेच झाड शाळेच्या रिक्षा थांबतात तिथे असेल तर हिशेब बदलतो. बऱ्याच झाडांचं दुखणं तर आपण बुंध्यापर्यंत घातलेल्या पेव्हर ब्लॉकमध्ये असतं. राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्ये दिल्लीत झाडांभोवती 1 मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. आपल्या अंगणातही तेवढं आळं मोकळं करा, पण पहारीने. तिथे जेसीबी नको. पाणी शोषणारी बहुतेक मुळं वरच्या दीड-दोन फुटांतच असतात.

दुकानं, दवाखाने, कोचिंगच्या इमारती चालवणाऱ्यांनी प्रत्येक झाडाला नंबर द्यावा आणि पाहणीची तारीख, दोष, केलेलं काम वहीत नोंदवावं. झाड ग्राहकाच्या गाडीवर पडलं तर "आम्ही बघत होतो" हे तोंडी सांगून भागत नाही.

परवानगी

प्लॉट आपला, झाड आपण लावलेलं, तरी शहरात ते मनाला येईल तेव्हा पाडता येत नाही. मध्य प्रदेशात नागरी भागातल्या झाडांसाठी 2001 चा वृक्ष परिरक्षण कायदा आहे आणि परवानगी वृक्ष अधिकाऱ्याकडून घ्यावी लागते. निगमच्या, म्हणजे महापालिकेच्या, उद्यान विभागात अर्ज द्या. सोबत झाडाचे चारही बाजूंनी फोटो, बुंध्याच्या दोषाचा जवळून एक फोटो आणि मालकीचा कागद जोडा. मोठी छाटणी असली तरी आधी विचारून घ्या. बदल्यात नवी झाडं लावायची अट येऊ शकते. मंजुरीचा कागद हातात आल्याशिवाय कुऱ्हाड लागू देऊ नका. "हो जाएगा" हा कागद नव्हे.

तारा जवळ असतील तर वीज कंपनीला अर्ज करून पुरवठा बंद करून घ्यावा लागतो. ओली फांदी वीज वाहून नेते, ओला बांबूही. तारेला टेकलेल्या फांदीला कोणीही हात लावायचा नाही, माळ्यानेही नाही.

काम कोणाला द्यायचं

"पैसे नकोत, लकडी हमारी" हा सौदा गोड वाटतो. पण ज्याची कमाई ओंडक्यात, त्याची नजर जाड फांद्यांवर. वाळकी काटकी तो वरच सोडून जातो. छाटणीचे पैसे द्या आणि लाकडाचा भाव वेगळा ठरवा. दर विचारण्याआधी तीन गोष्टी विचारा: वर चढणाऱ्याला हार्नेस आणि हेल्मेट आहे का, माणसांचा विमा आहे का, आणि फांदी खाली कशी आणणार? "गिरा देंगे" असं उत्तर आलं तर नमस्कार करून निरोप द्या. काय कापायचं, काय नाही, पाला कोण उचलणार, हे सगळं लिहून घ्या.

छाटणी: तीन काप

मल्हारगंजात आत्याच्या वाड्यात कडुनिंबाची मांडीएवढी फांदी स्वयंपाकघराच्या पत्र्यावर आली होती. ती उतरवायला आलेल्या कारागिराने केलं ते मी ओट्यावर बसून पाहिलं.

फांदीच्या मधल्या भागाला दोर बांधून तो वरच्या बेचक्यातून खाली घेतला आणि बुंध्याला दोन वेढे दिले. मग खोडापासून फूट-दीड फुटावर, फांदीच्या खालच्या अंगाने, पाव जाडीपर्यंत पहिला काप. दुसरा वरून, पण शेंड्याच्या दिशेने दोन-तीन इंच पुढे. फांदी कडकन मोडली आणि दोरावर लोंबकळत हळूहळू अंगणात उतरली. खालचा काप नसता तर वजनाने साल खोडापर्यंत सोलत गेली असती. उरलेल्या खुंटाचा तिसरा काप सगळ्यात महत्त्वाचा. फांदी खोडाला मिळते तिथे एक फुगीर, सुरकुतलेली कडा असते, बाहीच्या दुमडीसारखी. तिच्या जरा बाहेर कापायचं: खोडाशी सपाट नाही आणि खुंटीही ठेवायची नाही. पुढे काप झाकणारं लाकूड त्या कडेतूनच वाढतं.

आत्याने डांबर पुढे केलं. कारागीर म्हणाला, राहू द्या. बरोबरच होतं. झाडाची जखम आपल्यासारखी भरून येत नाही. झाड सडलेला भाग आतून भिंत घालून वेगळा करतं. अमेरिकेतले वनशास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स शायगो यांनी हजारो झाडं चिरून हे दाखवलं. डांबराखाली ओल मात्र कोंडते.

एका वर्षात हिरव्या पसाऱ्याच्या पाव भागाहून जास्त काढू नका. म्हाताऱ्या झाडाचं त्याहूनही कमी. वाळक्या फांद्या केव्हाही काढा, हिरव्या थंडी सरताना. आंब्याची छाटणी फळं उतरल्यावर. आणि आधी घरटी बघा. पिल्लं असतील तर ती उडेपर्यंत थांबा. आग्या मोहोळ असेल तर आधी मध काढणाऱ्याला बोलवा.

पाडणं

हे घरच्यांनी करायचं काम नाही. कॉलनीत झाड अख्खं आडवं करायला जागा नसतेच. वरून तुकड्या-तुकड्याने, दोराने किंवा क्रेनने उतरवावं लागतं. मोकळ्या जागी पाडत असतील तर हे बघा: पडायच्या बाजूला खोडाच्या पाव जाडीपर्यंत खाच, मग मागून काप, आणि मधे व्यासाच्या साधारण दहाव्या भागाएवढी न कापलेली पट्टी. 60 सेंटीमीटरच्या खोडाला 6 सेंटीमीटर. ही पट्टीच बिजागरी. ती कापली की झाड कुठेही जातं. मागे तिरका पळायचा रस्ता मोकळा हवा, आणि बघ्यांना झाडाच्या उंचीच्या दुप्पट लांब ठेवा. मोबाइलवर शूटिंग करणाऱ्या पुतण्यालाही.

खुंट आणि खड्डा

खुंट यंत्राने दळून घेतला तर अंगण उकरावं लागत नाही. भुसा मात्र खड्ड्यातच दाबू नका. तो कुजताना बसतो आणि जमीन खचते. भुसा खताच्या ढिगात टाका, खड्डा मातीने भरा. काळ्या मातीत आणखी एक गोष्ट होते: मोठं झाड जमिनीतून ओढत होतं ते पाणी आता तिथेच राहतं, माती फुगते, आणि भिंतीला लागून असलेलं झाड गेल्यावर पुढच्या पावसाळ्यांत फरशी उचलली जाऊ शकते. म्हणून खड्ड्यावर लगेच काँक्रीट ओतू नका. एक पावसाळा जाऊ द्या, दिवाळीनंतर खचलेल्या जागी पुन्हा माती टाका, मग फरशीचं बघा.