नवे रेसिंग ब्रेक पॅड रुळवण्यापूर्वीची तयारी

नवे रेसिंग पॅड कॅलिपरमध्ये, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागात, बसवून थेट शर्यतीला उतरू नये. पॅडमधील पदार्थाचा पातळ, एकसारखा थर डिस्कवर, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या चकतीवर, चढल्यावरच ब्रेकची खरी पकड मिळते, वारंवार ब्रेक दाबून तो थर चढवणे म्हणजेच पॅड रुळवणे, आणि तो कसा चढेल हे बरेचसे आधीच्या तयारीवर ठरते.

सुरुवात डिस्कपासून करावी. तिच्यावर कोरलेल्या किमान जाडीशी मायक्रोमीटरने मोजलेली जाडी ताडून पाहावी, भेगा गेल्या असतील तर डिस्क बदलावी, आणि पूर्वी वेगळ्या प्रकारचे पॅड वापरले असतील तर जुना थर सँडपेपरने घासून ब्रेक क्लीनरने पृष्ठभाग पुसून घ्यावा. पुढे पेडलला जाणवणाऱ्या थरथरीचे कारण पुष्कळदा वाकडी डिस्क नसून असमान बसलेला थर असते, म्हणून या कामात घाई करू नये.

ब्रेक ऑइल सीलबंद डब्यातलेच घ्यावे. डॉट ४ प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, मात्र ओलावा शोषल्यावर तो १५५ अंशांपर्यंत उतरू शकतो. त्यामुळे नागपूरचा एक पावसाळा काढलेल्या ऑइलवर हे काम करू नये.

जागा मिळवणे सर्वांत अवघड. आउटर रिंग रोड किंवा समृद्धी महामार्ग कितीही मोकळा दिसला तरी तिथे वारंवार जोरात ब्रेक दाबणे म्हणजे मागून येणाऱ्याच्या जिवाशी खेळणे होय. परवानगी घेतलेला बंद रस्ता किंवा ट्रॅकच हवा, आणि ब्रेक थंड होईपर्यंत न थांबता फिरता येईल इतका तो लांब असावा. नवतपाच्या दिवसांत दुपार टाळून पहाटेची वेळ ठरवावी, कारण तापलेल्या हवेत ब्रेक निवायला अधिक वेळ लागतो.

पॅडसोबतचे माहितीपत्रक जवळ ठेवावे; वेग आणि फेऱ्या त्यातल्याच पाळाव्यात. साधारणपणे आधी हलके, मग ताशी १०० किलोमीटरच्या आसपासच्या वेगावरून क्रमाने जोराचे ब्रेक मारतात, पण गाडी पूर्ण थांबवत नाहीत. उग्र वास येऊन पकड ढिली पडली की ब्रेक न दाबता फिरत राहावे. तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून धरला तर तिथेच डाग उमटतो, म्हणून उभ्या गाडीला हँडब्रेकऐवजी चाकाखाली लावायचे ठोकळे आधीच डिकीत ठेवावेत.